माइक बंद पडला: दोष ड्रायव्हरचा की साउंड सर्व्हरचा?

कॉल सुरू होतो, पलीकडचे चॅटमध्ये "आवाज येत नाहीये" लिहितात, आणि आपण लगेच लॅपटॉपच्या मॉडेलपुढे "लिनक्स साउंड ड्रायव्हर" लिहून शोधायला बसतो. ही विंडोजची सवय. तिथे उत्पादकाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवायचा, सेटअप चालवायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. लिनक्सवर आवाजाचा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, पोटातच येतो, त्यामुळे हा शोध बहुधा कुठल्या तरी दहा वर्षं जुन्या सल्ल्यापाशी थांबतो. तो सल्ला टर्मिनलमध्ये चिकटवला की जे चालू होतं तेही बंद पडतं.

लिनक्सवर तुमचा आवाज माइकपासून डिस्कॉर्ड, मंबल अशा बोलण्याच्या अॅपपर्यंत किंवा ब्राउझरपर्यंत पोचतो तो दोन वेगवेगळ्या गोष्टींमधून. एक ड्रायव्हर, दुसरी साउंड सर्व्हर. सोसायटीच्या टाकीत पाणी चढलंय का हा एक प्रश्न, आणि तुमच्या मजल्याचा व्हॉल्व कुणी फिरवला हा दुसरा. नळ दोन्ही वेळा कोरडाच, पण एका वेळी पंपवाल्याला फोन करावा लागतो आणि दुसऱ्या वेळी जिन्यात जाऊन बघावं लागतं.

ड्रायव्हरचं काम मोजकं आहे. साउंड चिपशी बोलायचं, माइककडून येणारे नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापं) मेमरीत ठेवायचे आणि चिपवरचे आवाजाचे, म्यूटचे दांडे वरच्यांना उपलब्ध करून द्यायचे. या ड्रायव्हरांचा संच म्हणजे अल्सा. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, २००२ मध्ये तो कर्नलच्या विकास शाखेत आला आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून ओएसएस या जुन्या ड्रायव्हर-संचाची जागा त्याने घेतली. ओएसएसच्या काळात साधारणपणे एका वेळी एकच प्रोग्राम साउंड कार्ड धरून बसायचा. गेमने कार्ड पकडलं की टीमस्पीकसारख्या व्हॉइस चॅट अॅपला आवाज मिळत नसे. खेळता खेळता बोलायचं म्हणजे जुगाडच.

साउंड सर्व्हर हा साधा प्रोग्राम आहे. तुम्ही लॉगिन केल्यावर तुमच्याच नावाने चालू होतो. कुठल्या अॅपला कुठला माइक द्यायचा, चार अॅपचे आवाज एकत्र कसे मिसळायचे, ब्लूटूथ हेडसेट जोडला की कॉल तिकडे वळवायचा का, हे सगळं त्याच्याकडे. लेनार्ट पोएटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेला पल्सऑडिओ २००७ मध्ये फेडोरा ८ मध्ये आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ मध्ये आला. विम टायमन्स यांचा पाइपवायर २०२१ मध्ये फेडोरा ३४ पासून आवाजाची जबाबदारी सांभाळू लागला. उबुंटूने तो २२.१० मध्ये घेतला, लिनक्स मिंटने २२ व्या आवृत्तीत. पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतो, त्यामुळे जुन्या अॅपना मालक बदलल्याचं कळतही नाही. तुमच्याकडे कोण आहे ते "पॅक्टल इन्फो" (pactl info) या आज्ञेने दिसतं. सर्व्हरच्या नावासमोर "पल्सऑडिओ ऑन पाइपवायर" असं आलं, तर काम पाइपवायर करतोय.

ड्रायव्हर आणि सर्व्हर यांच्या चुका एकमेकांवर ढकलल्या जाण्याची परंपरा जुनी आहे. पल्सऑडिओने २००८ च्या सुमाराला वेळेचं गणित बदललं. चिपने हाक मारण्याची वाट बघण्याऐवजी तो स्वतःच्या टायमरवर चालू लागला आणि "आत्ता नेमका कुठला नमुना वाजतोय" असं ड्रायव्हरला विचारू लागला. बऱ्याच ड्रायव्हरांना हा प्रश्न इतक्या काटेकोरपणे कुणी विचारलाच नव्हता. त्यांची उत्तरं चुकली आणि आवाज तडतडू लागला. लोकांना दिसलं ते एवढंच, की पल्सऑडिओ काढून टाकला की आवाज नीट येतो. शिव्या सर्व्हरने खाल्ल्या, दुरुस्त्या मात्र कित्येकदा ड्रायव्हरमध्ये झाल्या. "पल्सऑडिओ काढून टाका" हा सल्ला त्या काळातला. आज तो पाळला तर व्हॉइस चॅटच बंद पडेल. लिनक्सवरच्या स्काइपने २०१४ च्या ४.३ आवृत्तीत अल्साशी थेट बोलणं सोडलं, फायरफॉक्सने आपल्या अधिकृत आवृत्तीत २०१७ च्या ५२ पासून. आता बहुतेक अॅप सर्व्हर आहे असं धरूनच चालतात.

मग ओळखायचं कसं? पहिली पायरी सोपी. टर्मिनलमध्ये /प्रॉक/असाउंड/कार्ड्स (/proc/asound/cards) ही फाइल वाचायची. ती थेट कर्नल लिहितो, सर्व्हरचा तिच्याशी संबंध नाही. तिथे कार्डच नसेल तर ड्रायव्हर किंवा त्याला लागणारं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) गायब आहे, आणि सर्व्हर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये "डमी आउटपुट" दिसतं तेव्हा लोक इथेच गोंधळतात. डमी आउटपुट म्हणजे सर्व्हरला वापरण्याजोगं एकही कार्ड मिळालेलं नाही, एवढंच. कर्नलच्या यादीत कार्ड असूनही डमी दिसू शकतं, कारण सर्व्हरमध्ये त्या कार्डाचं प्रोफाइल, म्हणजे ते कसं वापरायचं ही निवड, "ऑफ" असू शकतं किंवा दुसऱ्या प्रोग्रामने कार्ड अडवलेलं असू शकतं. पॅव्हूकंट्रोल नावाचं छोटं अॅप टाकून त्याचा कॉन्फिगरेशन टॅब बघितला की प्रोफाइलचं लगेच कळतं.

दुसरी पायरी सर्व्हरला वगळून थेट ड्रायव्हरकडून रेकॉर्डिंग करण्याची. त्यासाठी एरेकॉर्ड (arecord) ही आज्ञा आहे, पण तिच्यात एक खोच आहे. उपकरणाचं नाव न देता ती चालवली, तर आजच्या बहुतेक डिस्ट्रोंवर (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांवर) तिचं "डिफॉल्ट" पुन्हा सर्व्हरकडेच जातं. म्हणजे तुम्हाला वाटतं ड्रायव्हर तपासला, आणि प्रत्यक्षात तपासला सर्व्हर. म्हणून उपकरणाचं नाव "प्लगएचडब्ल्यू" (plughw) असं देऊन पुढे कार्डाचा क्रमांक लिहायचा. कुठल्या क्रमांकाला काय आहे ते एरेकॉर्डची यादी सांगते. "डिव्हाइस बिझी" असं उत्तर आलं तर घाबरायचं कारण नाही, कार्ड सर्व्हरच्या हातात आहे. कॉल आणि ब्राउझर बंद करून थोडं थांबलं की सर्व्हर ते सोडतो. असं केलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ ऐकू आलं तर ड्रायव्हर निर्दोष. मग कर्नल बदलण्याच्या, मॉड्यूलच्या फाइलींत ओळी घालण्याच्या भानगडीत पडू नका.

मंबलमध्ये हे दोन्ही रस्ते एकाच यादीत दिसतात, म्हणून तपासणीला ते उत्तम अॅप आहे. ऑडिओ इनपुटमध्ये अल्सा निवडून कार्ड थेट दिलं की सर्व्हर बाजूला पडतो. त्यात माइक चालला आणि डिस्कॉर्डमध्ये नाही, तर दोष वरच्या थरात. फक्त तपासणी झाली की यादी पूर्ववत करा, नाहीतर मंबल कार्ड धरून बसेल आणि ब्राउझर मुका होईल. ओएसएसच्या काळाची आठवण हवी असेल तर गोष्ट वेगळी.

खऱ्याखुऱ्या ड्रायव्हर तक्रारी आता मुख्यतः लॅपटॉपच्या आतल्या माइकच्या असतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये हा माइक डिजिटल असतो आणि प्रोसेसरमधल्या सिग्नल प्रोसेसरला जोडलेला असतो. त्याला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. डेबियनवर त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागू शकतं, आणि ते नसलं की स्पीकरसकट सगळं गप्प. एएमडीचं प्रकरण मला अधिक रंजक वाटतं. रायझन ६००० मालिकेपासूनच्या कित्येक लॅपटॉपमध्ये आतला माइक आहे की नाही हे ड्रायव्हरला आपोआप कळत नाही. म्हणून कर्नलच्या एका फाइलीत लॅपटॉपच्या मॉडेलांची यादीच ठेवली आहे. तुमचं मॉडेल यादीत असेल तर माइक चालतो, नसेल तर हेडफोनचा जॅक, स्पीकर सगळं उत्तम आणि आतला माइक मात्र अस्तित्वातच नाही. हेच मॉडेल पुढच्या कर्नलमध्ये यादीत आलं की अपडेटनंतर माइक "अचानक" उगवतो. अशा वेळी ताज्या कर्नलचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) बनवून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय. त्यात माइक चालला तर तुम्हाला नवा कर्नल हवाय, बाकी काही नाही.

एकाच छिद्रात माइक आणि हेडफोन असलेल्या जॅकची भांडणंही बहुधा ड्रायव्हरच्या बाजूची असतात. हेडसेट लावला तरी ड्रायव्हरला तो साधा हेडफोन वाटतो आणि माइकचं पोर्ट "अनप्लग्ड" राहतं. इंटेलच्या एचडीए (लॅपटॉपमधल्या नेहमीच्या साउंड चिपच्या) ड्रायव्हरला मॉडेलचा पर्याय देऊन हे काही मशीनवर सुटतं. पण महत्त्वाची मीटिंग असेल तर यूएसबी हेडसेट घ्या, असा माझा सरळ सल्ला आहे. त्याचं साउंड कार्ड त्याच्याच पोटात असतं आणि तो प्रमाणित यूएसबी ड्रायव्हरवर चालतो. लॅपटॉपच्या चिपची सगळी वंशावळ त्यामुळे वगळली जाते.

एक जागा अशीही आहे जिथे दोघांतली रेषा पुसट होते. कुठल्या लॅपटॉपमध्ये माइक चालू करायला चिपचे कुठले दांडे हलवायचे, याची माहिती यूसीएम नावाच्या साध्या मजकूर फाइलींत असते. त्या अल्साच्या पॅकेजमधून येतात आणि वाचतो त्या सर्व्हर. ड्रायव्हर ठीक, सर्व्हर ठीक, पण ही फाइल जुनी असेल तर माइक यादीतच दिसत नाही. कर्नल नवा आणि बाकी डिस्ट्रो जुनी, अशा मशीनवर हे घडतं.

सर्व्हरच्या बाजूच्या तक्रारींचा स्वभाव वेगळा. त्या येतात आणि जातात, एका अॅपमध्ये असतात आणि दुसऱ्यात नसतात. कुठल्या अॅपने मागच्या वेळी कुठला माइक वापरला हे सर्व्हर लक्षात ठेवतो. म्हणून वेबकॅम एकदा जोडून काढला, पुन्हा जोडला, की डिस्कॉर्ड त्या वेबकॅमच्या माइकला चिकटतो आणि बाकी अॅप हेडसेटवर राहतात. कॉल चालू असतानाच पॅव्हूकंट्रोलचा रेकॉर्डिंग टॅब उघडा, तिथे अॅपच्या नावासमोर माइक बदलता येतो. कॉल चालू नसेल तर तिथे काहीच दिसणार नाही.

आवाजाची पातळी आपोआप खाली सरकते, ही तक्रार मात्र दोघांचीही नाही. ब्राउझरमधले आणि काही कॉलिंग अॅप तुमचा माइक स्वतःच कमी-जास्त करतात. अॅपच्या सेटिंगमध्ये "ऑटोमॅटिक गेन" बंद केलं की ते थांबतं. पण आवाज कायमच खोल विहिरीतून येत असेल, तर अल्सामिक्सर उघडून, एफ६ ने खरं कार्ड निवडून, एफ४ ने कॅप्चर आणि माइक बूस्ट बघा. हे दांडे ड्रायव्हरचे आहेत. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ते सगळे दिसत नाहीत.

तडतड हे सर्वांत फसवं लक्षण. पाइपवायर साधारण १०२४ नमुन्यांचा एक घास घेतो, सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने तो सुमारे २१ मिलिसेकंदांचा होतो. एखाद्या अॅपने फार छोटा घास मागितला आणि गेमने प्रोसेसर व्यापला, की घास वेळेत पोचत नाही आणि आवाज तुटतो. पाइपवायरची पीडब्ल्यू-टॉप (pw-top) ही आज्ञा चालवून त्यातला चुकांचा रकाना बघा. बोलताना तो वाढत असेल तर वेळ पाळली जात नाहीये, घास मोठा केला की बहुधा शांत होतं. घास मोठा करूनही तडतड तशीच राहिली, तर यूएसबी हब किंवा ड्रायव्हरवर संशय घ्यायचा. वाक्याचा पहिला शब्द गिळला जाण्यालाही असेच दोन धनी आहेत. सर्व्हर न वापरलेलं कार्ड काही सेकंदांत झोपवतो, आणि एचडीए ड्रायव्हरची वीजबचत वेगळी. कार्ड झोपताना-उठताना "टक्" असा आवाज येत असेल तर आधी ड्रायव्हरची वीजबचत बंद करून बघा.

ब्लूटूथवर गाणी छान आणि कॉल सुरू होताच आवाज डबड्यातून आल्यासारखा, याचं खापर दोघांवरही फोडू नका. संगीतासाठीचं एटूडीपी प्रोफाइल एकाच दिशेचं आहे. माइक हवा तर हेडसेट एचएफपी या कॉलसाठीच्या प्रोफाइलवर जातो, तिथे आवाज मोनो आणि साधारणपणे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांचा. ही जुन्या ब्लूटूथची मर्यादा आहे, फोनवरही तीच. उपाय म्हणजे ऐकायला ब्लूटूथ ठेवून माइक लॅपटॉपचा निवडणं.

दुरुस्तीचा मार्गही दोघांचा वेगळा. सर्व्हर तुमच्या खात्यात चालतो, म्हणून पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या तिन्ही सेवा सिस्टमसीटीएल (systemctl) या आज्ञेने "युजर" पर्याय देऊन रीस्टार्ट करायला पासवर्ड लागत नाही. मशीनवर नवं खातं काढून तिथे माइक चालला, तर तुमच्या खात्यातली एखादी सेटिंग बिघडली आहे. ड्रायव्हरला नव्या खात्याने काही फरक पडत नाही. फ्लॅटपॅकमधून, म्हणजे बंदिस्त पेटीत येणाऱ्या पॅकेजमधून, टाकलेल्या अॅपचं आणखी वेगळं. त्याला साउंड सर्व्हरपर्यंत जायची परवानगी आहे का, हे फ्लॅटसील या परवानग्या दाखवणाऱ्या अॅपमध्ये आधी बघावं.

कुणाला तक्रार लिहायची असेल तर सर्व्हरची पाइपवायरच्या गिटलॅबवर आणि ड्रायव्हरची कर्नलच्या बगझिलावर जाते. ड्रायव्हरवाले सगळ्यात आधी अल्सा-इन्फो या स्क्रिप्टचा निकाल मागतात. ती चालवताना माहिती इंटरनेटवर चढवू का, असं ती विचारते. आधी "नाही" म्हणा, निकालाची फाइल आपल्याकडे ठेवा आणि वाचून मगच जोडा.