ऑक्सिजन सेन्सर उष्णतेने जळत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या गॅरेजांत एक समज वर्षानुवर्षे चालत आलाय: सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर तापून तापून जळतो, त्यामुळे तो काढून ठेवलेला बरा. कृपा करून असं करू नका.

खरं तर थंड असताना हा सेन्सर मुकाच असतो. आतलं झिर्कोनियाचं (झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचं) सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं, की त्यातून ऑक्सिजनचे आयन (विद्युतभार असलेले अणू) वाहू लागतात. बाहेरची हवा आणि धूर यांतल्या ऑक्सिजनच्या फरकावर व्होल्टेज तयार होतं: हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी असेल तर ०.१. म्हणून तर बहुतेक गाड्यांच्या सेन्सरमध्ये मुद्दाम हीटर बसवलेला असतो!

उष्णता सोसत नाही ती साधी सिलिकॉनची चिप. १५०-२०० अंशांपुढे तिच्यातली विजेची गळती वाढत जाते. त्यामुळे भट्टीत, इंजिनात बसवायचे इवलेसे वायू-सेन्सर सिलिकॉन कार्बाइडवर (सिलिकॉन आणि कार्बनच्या संयुगावर) घडवतात. ते ६०० अंशांतही काम करू शकतात.

मग सेन्सर बिघडतो कशानं? जळलेल्या ऑइलची राख, गळका कूलंट, गॅस्केटला (इंजिनाच्या सांध्यातल्या पट्टीला) फासलेलं सिलिकोन सीलंट (गळती रोखणारा रबरासारखा लेप). काढलेल्या सेन्सरचं टोक उजेडात धरून बघा. पांढरा, खडूसारखा थर दिसला तर आधी सीलंट आणि कूलंट तपासा.