बॉस्निअक वर्गीकरण

मूत्रपिंडातील सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) कर्करोगाची असण्याची शक्यता सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरील स्वरूपावरून ठरवण्याची पद्धत. न्यूयॉर्क विद्यापीठातील क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्निअक यांनी ती १९८६ मध्ये मांडली. सोनोग्राफीत आतला भाग पूर्ण काळा, भिंत पातळ व रेखीव आणि सिस्टमागचा भाग अधिक उजळ दिसला, तर ती साधी सिस्ट मानतात व सहसा पुढील तपासणी लागत नाही.

मूळ वर्ग चार होते; वर्ग जितका वरचा, तितकी कर्करोगाची शक्यता अधिक. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या सीमेवरील सिस्टसाठी ‘दोन-एफ’ (एफ म्हणजे फॉलो-अप, पाठपुरावा) हा वर्ग पुढे जोडला गेला. त्याचा आरंभ बहुधा १९९३ च्या सुमाराचा असावा. मात्र दीर्घकालीन पाठपुराव्याचे निष्कर्ष नंतर आल्याने काही लेखक तो पुढच्या दशकात धरतात. यातील सिस्ट सहा महिन्यांनी, वर्षाने व नंतर दरवर्षी, एकूण पाच वर्षे तपासतात.

‘जाड भिंत’, ‘थोडे पडदे’ (सिस्टच्या आतले दुभाजक) असे शब्द प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या परीने लावत असे. २०१९ च्या सुधारित आवृत्तीने त्यांना मापे दिली: २ मिमीपर्यंत पातळ, ३ मिमी किंचित जाड, ४ मिमी व अधिक जाड, एक ते तीन पडदे थोडे, चार व अधिक अनेक. एमआरआयचे निकषही तेव्हाच आले. जुन्या आवृत्तीपेक्षा ही ग्राह्य वाटते, कारण तिसऱ्या वर्गातील काही सिस्ट त्यामुळे दोन-एफमध्ये येतात आणि शस्त्रक्रिया टळू शकते.

निर्णायक खूण म्हणजे शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर भिंत, पडदा वा गाठ उजळणे. सीटीवर आधीच्या व नंतरच्या मापांत २० हाउन्सफील्ड एकके (सीटीवरील घनतेचे माप) किंवा अधिक वाढ झाली तर ती खरी उजळणी. १० ते २० मधील वाढ संदिग्ध. लहान सिस्ट सभोवतालच्या उजळलेल्या ऊतीमुळे खोटी वाढ दाखवते, तेव्हा एमआरआय उपयोगी पडतो. रंगद्रव्यापूर्वीची चित्रे नसतील तर रक्तस्राव झालेली निरुपद्रवी सिस्टही घन गाठ वाटू शकते. त्यामुळे ही चित्रे वगळू नयेत.

शस्त्रक्रिया झालेल्या तिसऱ्या वर्गातील सुमारे निम्म्या व चौथ्या वर्गातील सुमारे ९० टक्के सिस्ट कर्करोगाच्या निघतात. न कापलेल्या सिस्ट या हिशोबात नसल्याने खरे प्रमाण कमी असण्याचा संभव आहे.

जंतुसंसर्गाच्या वा हायडॅटिड (फीतकृमीमुळे होणाऱ्या) सिस्टला हे वर्गीकरण लावत नाहीत.