स्विच तोच, पेटी वेगळी: मराठवाड्याच्या कारखान्यांमागची पार्श्वभूमी

औद्योगिक स्विचगिअरसाठी, म्हणजे स्विच, ब्रेकर वगैरे साधनांसाठी, आयईसी ६०९४७ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि त्यात तापमानाची एक अट आहे. भोवतालची हवा ४० अंशांच्या वर जाणार नाही आणि चोवीस तासांची सरासरी ३५ अंशांच्या आत राहील, असं धरून स्विचवरचा अँपिअरचा आकडा छापलेला असतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर चढतो, तोही सावलीत. पत्र्याची पेटी उन्हात असेल तर आतलं तापमान विचारायलाच नको. ६३ अँपिअरचा स्विच आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात पूर्ण ६३ चा राहत नाही. दुकानात मात्र तो ६३ चाच म्हणून मागितला जातो.

असं होण्याला कारण आहे. विजेच्या स्विचमध्ये आधी सुधारले ते संपर्क, म्हणजे एकमेकांना टेकून वीज पुढे नेणारे धातूचे तुकडे. स्विच कुठे बसणार, तिथे धूळ किती, वाफ किती, हा विचार फार उशिरा सुरू झाला आणि बहुतेक वेळा अपघातानंतरच सुरू झाला.

सुरुवातीचा स्विच म्हणजे स्लेटच्या किंवा संगमरवराच्या फळीवर बसवलेलं तांब्याचं उघडं पातं. हँडल हळू ओढलं की दोन तुकड्यांमध्ये आर्क, म्हणजे हवेतून वाहणारी विजेची ज्वाळा, ओढली जायची आणि तांबं जळायचं. १८८४ मध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी त्यावर उपाय काढला. हात कितीही हळू चालला तरी स्प्रिंगच्या जोरावर संपर्क झटक्यात सुटायचे. त्या काळी वीज मुख्यतः डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होती आणि डीसीची आर्क आपणहून विझत नाही, म्हणून या झटक्याला फार महत्त्व. पुढे दिशा बदलत राहणारी एसी आली. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि आर्क विझायला तेवढ्या संधी मिळतात. काम सोपं झालं, पण पातं उघडंच होतं.

मग आली ओतीव लोखंडाची पेटी. आपल्याकडचे जुने वायरमन आजही ‘आयर्न क्लॅड’ किंवा ‘आयसीटीपी’ (आयर्न क्लॅड ट्रिपल पोल) म्हणतात ती हीच. बाहेर हँडल, आत चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, आणि स्विच चालू असताना झाकण उघडणार नाही अशी खिटी. ही पेटी माणसाचा हात वाचवण्यासाठी होती. धूळ आत जाऊ नये हा तिचा उद्देश कधीच नव्हता. तरीही कित्येक वर्षं जिनिंगपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे हीच बसत राहिली.

पेटीचा खरा अभ्यास झाला तो कोळशाच्या खाणींत. मिथेन असलेल्या हवेत मोटर आणि स्विच कसे चालवायचे, यावर जर्मनीत कार्ल बायलिंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रयोग केले. पेटी हवाबंद करण्याच्या नादी ते लागले नाहीत. गॅस आत शिरणार, स्विचच्या ठिणगीने पेटणार, हे त्यांनी धरूनच चाललं. प्रश्न एवढाच की आतला स्फोट आत कसा राहील. जाड भिंती, दोन भागांच्या सांध्याला रुंद कडा आणि त्या कडांमध्ये अगदी बारीक फट ठेवली तर बाहेर येता येता ज्वाळा निवते आणि बाहेरचा गॅस पेटत नाही. फ्लेमप्रूफ म्हणतात ते हेच. १९१३ मध्ये वेल्समधल्या सेंघेनिड खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. विजेच्या इशारा-घंटीची ठिणगी हे संभाव्य कारण म्हणून पुढे आलं, आणि एवढीशी घंटीसुद्धा धोक्याची ठरू शकते ही गोष्ट तंत्रज्ञांनी मनावर घेतली.

हे तत्त्व नीट कळलं नाही की गडबड होते. फ्लेमप्रूफ पेटीच्या सांध्यात पाणी येतं म्हणून कोणी रबराचं गॅस्केट घालतं, कोणी रंग फासतं, बोल्ट हरवला तर सात बोल्टांवर भागवतं. तिथेच पेटीचा फ्लेमप्रूफपणा संपतो. मराठवाड्यात खाणी नाहीत, पण साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलरी आहेत आणि इथेनॉलमुळे त्यांचं काम वाढलं आहे. अल्कोहोलची वाफ जिथे असू शकते, तिथे स्विच, पुश बटण, दिव्याची फिटिंग, सगळं प्रमाणित लागतं. अशी साधनं तपासण्याचं काम धनबादच्या खाण-संशोधन संस्थेत अनेक वर्षं चालत आलं आहे आणि मंजुरी नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय यंत्रणेकडून मिळते.

आता आपल्या भागाकडे. निजामाच्या काळात इथला मोठा उद्योग कापसाचा. नांदेडची उस्मानशाही मिल, शिवाय सेलू, मानवत, परभणीच्या पट्ट्यातलं जिनिंग-प्रेसिंग. जुन्या कारखान्यात एका इंजिनावर लांब शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी सगळी यंत्रं चालायची. इंजिन बाहेरच्या खोलीत. शाफ्ट जाऊन प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली, तेव्हा प्रत्येक यंत्राशेजारी एक स्विचही आला, तोही थेट रुईच्या उडत्या तंतूंमध्ये. तंतू फटीतून आत जातात, संपर्कांभोवती साचतात, आणि एखाद्या दिवशी आर्क त्यांना लागते. जिनिंगला आग लागली की वर्तमानपत्रात ‘शॉर्टसर्किट’ छापून येतं. पुष्कळदा ते खरंही असतं, पण पेटीत कापूस कसा गेला हा प्रश्न बातमीत येत नाही.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांनी मोटरचा लिंक्ड स्विच (सगळ्या तारा एकदम तोडणारा) मोटरजवळ किंवा चालवणाऱ्याच्या सहज हाताशी हवा असं बंधन घातलं. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. पण त्यामुळे स्विच कायमचा यंत्राच्या धुळीत जाऊन बसला, हे मान्य करायला हवं.

राज्य स्थापन झालं १९६० मध्ये, एमआयडीसी आली १९६२ मध्ये. चिकलठाण्यानंतर वाळूज वाढलं आणि १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तिथे सुरू झाल्यावर सुट्या भागांच्या वर्कशॉपची रीघ लागली. १९७१ पासून परळीचं औष्णिक केंद्र, जालन्यात भट्ट्या आणि रोलिंग मिल, लातूरला डाळ आणि सोयाबीन. प्रत्येक ठिकाणची घाण निराळी. परळीची राख बारीक आणि खरखरीत, ओल लागली की थर घट्ट बसतो. जालन्यात लोखंडाचा कीस आणि वितळलेल्या धातूची धग. कीस दोन टर्मिनलांमध्ये साचला तर वीज त्यातूनच वाट काढते. वाळूजला कूलंट आणि कटिंग ऑइलचा तुषार. तिथे पेटी घट्ट असून भागत नाही, गॅस्केट कशाचं आहे ते बघावं लागतं. ईपीडीएम रबर पाण्याला आणि उन्हाला चांगलं, पण तेलाने फुगतं. तेलाच्या जागी नायट्राइल हवं.

या सगळ्याला एक मोजपट्टी मिळाली ती, पेटी धूळ-पाणी किती अडवते हे सांगणाऱ्या आयपी आकड्यांची. जर्मनीच्या डीआयएन ४००५० सारख्या जुन्या प्रमाणांवरून पुढे जात आयईसीने १९७६ मध्ये आपलं ५२९ क्रमांकाचं प्रमाण काढलं. भारतात स्विचगिअरच्या पेट्यांसाठी आयएस २१४७ हे प्रमाण १९६२ पासूनच होतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ मध्ये थोडी धूळ जाऊ शकते पण काम बिघडत नाही, आणि उडालेलं पाणी चालतं. आयपी ६५ मध्ये धूळ अजिबात जात नाही, नळीचा फवाराही चालतो. ६७ ची पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. चाचणी होते ती टाल्कम भुकटी आणि साध्या पाण्याने. उसाचा रस, कॉस्टिक, गंधकाचा धूर, ऊन, तेल यांबद्दल हे दोन आकडे काहीच सांगत नाहीत. स्फोटाबद्दल तर नाहीच. तरी आज टेंडर बघावं तर वरपासून खालपर्यंत ‘आयपी ६५’ लिहिलेलं. मला हा आळस वाटतो.

साखर कारखान्याचं उदाहरण घ्या, कारण एका आवारात इतक्या तऱ्हा दुसरीकडे क्वचितच सापडतील. मिल हाऊसमध्ये चिकट, आंबूस रस आणि दर पाळीला पाण्याने धुणं. बॉयलरकडे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा, तो पेट घेणारा. गंधक जाळून रस शुद्ध करतात तिथे सल्फर डायऑक्साइड, जो ओलीत आम्लासारखा वागतो. सांडपाण्याच्या आणि बायोगॅसच्या बाजूला हायड्रोजन सल्फाइड. स्विचच्या चांदीच्या संपर्कांवर त्याने काळा थर चढतो आणि संपर्क तापू लागतो. गोदामात साखरेची भुकटी, जी हवेत उडाली की स्फोटक असते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात इंपिरियल शुगरच्या कारखान्यात अशा स्फोटात १४ माणसं मेली. आणि हंगाम संपला की पेट्या महिनोन् महिने बंद. मग त्यात कुंभारमाशी मातीचं घर करते, पाली राहायला येतात, पावसाळ्यात ओल धरते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात जे बंद पडतं, त्यातलं बरंचसं या पडून राहण्यामुळे.

घट्ट पेटीचा आणखी एक त्रास. दिवसा आतली हवा तापून बाहेर सुटते, रात्री थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि भिंतींवर पाणी धरतं. त्यामुळे चांगल्या पेटीला ब्रीदर (हवा ये-जा करू देणारं तोंड) किंवा निचऱ्याचं भोक असतं, कंट्रोल पॅनलमध्ये लहान हीटर असतो. शिवाय जितकं घट्ट, तितकी उष्णता आत कोंडते. एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच; घरगुती प्रमाणातल्या एमसीबीची ट्रिप ३० अंशांवर जुळवलेली असते. उन्हाळ्यात ती लवकर पडते. मग मेस्त्री ३२ अँपिअरची काढून ४० ची बसवतो, केबल तीच ठेवतो, आणि डिसेंबरच्या थंडीत त्या केबलला वाचवणारं कोणी उरत नाही. खरा उपाय सावली, मोठी पेटी किंवा उत्पादकाचा तापमानाचा तक्ता.

अँपिअरशिवाय आणखी एक गोष्ट स्विचवर छापलेली असते, वापराची श्रेणी. एसी-२१ हीटरसारख्या भारासाठी, एसी-२३ मोटरसाठी. मोटर सुरू होताना सहा-सात पट प्रवाह ओढते, त्यामुळे एकाच ६३ च्या स्विचला दोन श्रेणींत दोन वेगळे आकडे असू शकतात. स्वस्त मालाच्या जाहिरातीत मोठा आकडा बहुधा एसी-२१ चा असतो.

गेल्या काही वर्षांत सौर कृषिपंप आणि छतावरच्या पॅनलमुळे डीसी पुन्हा आली आहे. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेने तर ती शिवारात पोचली. एसीच्या सवयीचा वायरमन एसीचा आयसोलेटर (वीज तोडून ठेवणारा स्विच) डीसीवर लावतो. तो चालूही राहतो, पण भारावर उघडला की आर्क धरून बसते आणि प्लास्टिकची पेटी वितळते. डीसी-पीव्ही१ आणि डीसी-पीव्ही२ या श्रेणी यासाठीच काढल्या आहेत. शिवाय काही डीसी ब्रेकरना धन-ऋण दिशा असते. तारा उलट जोडल्या तर आर्क विझवणारा चुंबक तिला विझवण्याच्या कप्प्याऐवजी उलट बाजूला ढकलतो.