मानेतली गाठ, पण टीबीची नव्हे

दोन-तीन वर्षांचं मूल. जबड्याखाली, एकाच बाजूला गाठ. ताप नाही, दुखत नाही, मूल मजेत खेळतंय. नेहमीच्या अँटिबायोटिकने गाठ हटत नाही आणि काही आठवड्यांत तिच्यावरची त्वचा जांभळट, पातळ होते. टीबीची शंका येते, यायलाच हवी. पण क्षयजंतूचे माती-पाण्यात राहणारे भाऊबंदही अगदी अशीच गाठ आणतात. ते माणसाकडून माणसाला सहसा लागत नाहीत. मुलाला वेगळं ठेवायचं कारण नाही.

घोळ होतो तपासणीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोघं सारखेच दिसतात. त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी दोन्हींत पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची इग्रा चाचणी क्षयजंतूच्या ज्या प्रथिनांवर बेतलेली आहे ती या भाऊबंदांमधल्या एव्हियम गटात नसतात, म्हणून टीबी वेगळा ओळखायला ही चाचणी उपयोगी. मात्र भाऊबंदांतल्याच कन्सासी आणि मरिनम या जातींत ती प्रथिनं असतात, तिथे ही चाचणी फसू शकते. खात्री होते गाठीतल्या नमुन्याच्या पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणं) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) यांवरून. त्यातही हीमोफिलम ही जात हट्टी: तिला लोहयुक्त खाद्य आणि ३० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. लॅबला आधी सांगितलं नाही, तर ती उगवतच नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही टीबीवरची हुकमी औषधं एव्हियम गटावर जवळपास निष्प्रभ ठरतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात १०० मुलं होती. गाठ पूर्ण काढल्यावर ९६ टक्के बरी झाली, नुसत्या औषधांनी ६६ टक्के. गाठीला छेद देऊन पू काढणं मात्र टाळावं, ती जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून असेल, तर शस्त्रक्रियेत ओठ वाकडा होण्याचा धोका असतो. तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनसोबत रिफॅम्पिसिन किंवा इथॅम्ब्युटॉल देतात, किंवा नुसती वाट पाहतात. बऱ्याच गाठी वर्षभरात आपोआप जिरतात, व्रण मात्र राहू शकतो. इथॅम्ब्युटॉलने नजरेला इजा होऊ शकते, म्हणून ते दिलं तर डोळे तपासत राहावे लागतात. रंग फिके दिसताहेत हे एवढंसं मूल सांगणार कसं?

हाडांत किंवा शरीरभर पसरलेला संसर्ग ही वेगळीच गोष्ट. तिथे प्रतिकारशक्तीतला जन्मजात दोष, विशेषतः पेशींना अशा जंतूंशी लढायला चेतवणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमा या प्रथिनाच्या साखळीतला, शोधायलाच हवा. तो सापडला, तर पुढच्या भावंडाचीही तपासणी झाल्याशिवाय त्याला बीसीजी देऊ नये.