केस कापायला जाण्याआधी: सोशल स्टोरी आणि चित्रांचे तक्ते

‘आज केस कापायला जायचंय, शहाण्यासारखं बस हं.’ या वाक्यात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला हवी असलेली माहिती जवळजवळ काहीच नाही. किती वेळ बसायचं? मानेला कोण हात लावणार? मशीनचा आवाज किती मोठा असेल, तो कानाजवळ येईल का? मध्येच नको वाटलं तर काय करायचं? आणि संपलं हे कशावरून ओळखायचं? बहुतेक मुलं ही उत्तरं आजूबाजूला पाहून, न विचारता गोळा करतात. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना ती तशी मिळत नाहीत, आणि मग खुर्ची दिसताच रडारड सुरू होते. मोठ्यांना तो हट्ट वाटतो. सोशल स्टोरी (एका प्रसंगाबद्दल मुलासाठी लिहिलेली छोटी गोष्ट) आणि चित्रांचे तक्ते ही दोन्ही साधनं हीच न सांगितलेली माहिती मुलासमोर मांडतात. ती फसतात तेव्हा बहुतेकदा कारण एकच असतं: माहिती देण्याच्या साधनाचा कुणीतरी हुकूम करून टाकलेला असतो.

चित्रच का, याचं एक उत्तर सगळीकडे ऐकू येतं, ‘स्वमग्न मुलं चित्रांतच विचार करतात.’ काही करतात, सगळी नाही. जास्त भरवशाचं कारण साधं आहे. बोललेला शब्द लगेच विरून जातो. त्याच्यावर लक्ष जायला, अर्थ लागायला आणि शरीर हलायला मुलाला दहा सेकंद लागत असतील, तर तोवर मोठ्यांनी तीच सूचना वेगळ्या शब्दांत दोनदा सांगितलेली असते, आणि मुलाच्या लेखी आता तीन सूचना झालेल्या असतात. चित्र जागेवर थांबतं. त्याच्याकडे हवं तेव्हा, हवं तितक्यांदा पाहता येतं आणि त्याचा सूर चढत नाही.

सोशल स्टोरीची पद्धत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. नावात गोष्ट असली तरी त्यात राजा-राणी नसतात. एकच प्रसंग घ्यायचा आणि तो कुठे, कधी घडतो, कोण असतं, काय होतं आणि का होतं, हे मुलाच्या भाषेत खरंखरं लिहायचं. निवेदन ‘मी’चं किंवा तिसऱ्या व्यक्तीचं असतं. ‘तू असं कर’ हा सूर चालत नाही. मुलाने काय करून पाहावं हे सांगणारी वाक्यं कमी आणि वर्णन करणारी वाक्यं त्यांच्या किमान दुप्पट, हे ग्रे यांचं प्रमाण पहिल्यांदाच लिहिणाऱ्याने बोटांवर मोजून पाहावं. पहिल्या मसुद्यात ते हमखास उलटं निघतं. लहान मुलासाठी डझनभर छोटी वाक्यं पुरतात.

केस कापण्याची गोष्ट अशी होऊ शकते:

‘केस हळूहळू वाढतात. वाढलेले केस कधीकधी डोळ्यांवर येतात. म्हणून बरेच लोक केस कापून घेतात. दुकानात मी उंच खुर्चीवर बसतो. काका माझ्या गळ्याभोवती कापड बांधतात. थोडे केस मानेवर पडू शकतात. ते टोचले तर बाबा ब्रशने झाडतात. कात्रीचा कचकच आवाज येतो. डोकं स्थिर असलं की काकांना केस नीट दिसतात. मी डोकं स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करेन. थांबायचं असेल तर मी ‘थांबा’ कार्ड दाखवू शकतो. कार्ड दिसलं की काका कात्री खाली ठेवतात. कापड काढलं की केस कापून झाले.’

यात काय नाही तेही पाहावं. ‘अजिबात दुखत नाही’ असं लिहिलेलं नाही, कारण संवेदनशील टाळूच्या मुलाला केस ओढले गेल्यावर खरंच दुखतं, आणि एकदा खोटं ठरलेलं वाक्य अख्खी गोष्ट निकामी करतं. ‘नेहमी’, ‘कधीच’ हेही नाहीत. त्यांच्या जागी ‘कधीकधी’, ‘बरेच लोक’, ‘पडू शकतात’ आहेत. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला ‘काका नेहमी कात्री वापरतात’ असं सांगितलं आणि त्या दिवशी मशीन निघालं, तर दोष मुलाचा नाही. ‘चांगली मुलं रडत नाहीत’ हेही नाही. त्यातून मूल फक्त एवढंच शिकतं की आपण वाईट आहोत. आणि ‘थांबा’ कार्डाचं वाक्य लिहायचं असेल तर केस कापणाऱ्याशी आधी बोलून ठेवायलाच हवं. कार्ड दाखवूनही कात्री चालूच राहिली, तर पुढच्या वेळी मूल कार्ड दाखवणार नाही, किंचाळेल.

गोष्ट वाचायची वेळ मुलगा शांत असतानाची. प्रसंगाच्या काही दिवस आधीपासून रोज एकदा, आणि मग निघण्याच्या थोडं आधी पुन्हा एकदा. शेजारी बसावं, वाचून झालं की दोन सोपे प्रश्न विचारावेत: ‘केस मानेला टोचले तर काय करायचं?’ उत्तर शब्दांतच यायला हवं असं नाही, चित्रावर बोट ठेवलं तरी पुरे. आरडाओरडा चालू असताना किंवा झाल्यावर लगेच ‘बघ, गोष्टीत काय लिहिलंय?’ म्हणून ती समोर धरली, की गोष्ट शिक्षेच्या यादीत जमा होते. घराघरांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. तिच्यावर ग्रे यांचाच एक उपाय आहे: एकूण गोष्टींपैकी निम्म्या तरी मुलाला आधीच छान जमणाऱ्या कामांचं कौतुक करणाऱ्या असाव्यात. हा नियम सहसा कुणी पाळत नाही. वही उघडली की काहीतरी अवघड येणार, असं मुलाच्या डोक्यात बसू नये, यासाठी तो आहे.

आता चित्रं. गोष्ट ‘का’ सांगते, तक्ता ‘आत्ता काय’ सांगतो, म्हणून तो काम चालतं तिथेच हवा. पण मुलाला नेमकं कोणत्या प्रकारचं चित्र कळतं हे आधी तपासावं लागतं. खरी वस्तू सर्वांत सोपी, मग फोटो, मग रंगीत चित्र, मग रेषाचित्र, आणि शेवटी लिहिलेला शब्द. ओळखीच्या वस्तूंचे तीन फोटो मांडून एकाचं नाव घ्यावं. दहापैकी आठ वेळा बरोबर फोटो हाती आला तर फोटो चालतील. नाही आला तर मागे येऊन वस्तूच वापरावी: आंघोळीसाठी मग, बाहेर जाण्यासाठी बूट. त्यात कमीपणा काही नाही. इंटरनेटवरून उतरवलेली सुबक रेषाचित्रं भिंतीवर लावायची आणि मूल त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही म्हणायचं, हे मात्र वारंवार घडतं.

फोटो काढताना पार्श्वभूमी कोरी ठेवावी. नळाच्या फोटोत कोपऱ्यात लाल बादली आली, तर काही मुलांसाठी तो बादलीचा फोटो असतो. नको असलेल्या कृतीच्या चित्रावर लाल फुली मारू नये. मुलाला कृती दिसते, फुली दिसत नाही. जे हवं आहे तेच दाखवावं. चकचकीत लॅमिनेशनवर दिवा चमकतो आणि चित्र दिसेनासं होतं, म्हणून मॅट कागद बरा. कार्ड साधारण पाच सेंटिमीटर चौरस, मागे वेल्क्रो, आणि कार्डं चिकटवायची पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोठ्यांच्या उंचीवर लावलेला तक्ता मोठ्यांच्याच उपयोगाचा.

चित्रवेळापत्रक पूर्ण दिवसाचं करण्याचा मोह आवरावा. सुरुवात दोन कार्डांनी: ‘आधी’ आणि ‘मग’. आधी बूट, मग झोका. ‘मग’च्या खान्यातली गोष्ट लगेच आणि नक्की मिळणारी असावी. झोका पावसामुळे बंद असेल तर ते कार्ड लावूच नये. हे जमलं की तीन-चार कार्डं. काम झालं की मुलाने स्वतः कार्ड काढून ‘झालं’ लिहिलेल्या डब्यात टाकायचं. ही हाताची छोटीशी कृती महत्त्वाची, कारण ‘संपणं’ तिच्यामुळे डोळ्यांना दिसतं. वेळापत्रकात फक्त दात घासणं, अभ्यास आणि दवाखाना भरला, तर मूल पट्टीच फाडेल, आणि बरोबरच करेल. त्याच्या आवडीचंही काहीतरी रोज तिथे असायला हवं. शिवाय एक ‘बदल’ कार्ड सुरुवातीपासून ठेवावं. ते पहिल्यांदा एखाद्या सुखद बदलासाठी वापरावं, जसं की अभ्यासाऐवजी फुगे. नावडत्या बदलासाठी त्याचा उपयोग नंतर.

थांबायला लागणारा वेळ दाखवताना रंगीत चकती कमी होत जाणारा टायमर अनेकांना चालतो, पण काही मुलं त्याच्याकडे पाहूनच घाबरीघुबरी होतात. अशांसाठी पाच चौकोनांची पट्टी बरी. मोठ्यांनी एकेक चौकोन काढत जायचं. वेग आपल्या हातात असल्याने शेवटचा चौकोन मूल शांत असताना काढता येतो.

रोजच्या कौशल्याचं उदाहरण म्हणून हात धुणं घेऊ. मोठ्यांना ती एक कृती वाटते. फोडून लिहिली तर: बाह्या वर, नळ सुरू, हात ओले, नळ बंद, साबण, तळवे चोळणं, हातांची मागची बाजू, बोटांच्या मधे, नळ सुरू, फेस काढणं, नळ बंद, पुसणं, टॉवेल जागेवर. तेरा पायऱ्या. आधी स्वतः हात धुऊन प्रत्येक हालचाल टिपावी. मनाने लिहिलेल्या यादीत पहिला ‘नळ बंद’ हमखास गळतो आणि साबण लावताच वाहून जातो. ‘स्वच्छ होईपर्यंत चोळ’ ही सूचना निरुपयोगी, कारण स्वच्छ म्हणजे कधी हे जंतू दिसत नसल्याने कळणार कसं? वीस सेकंदांचं वाळूचं घड्याळ ठेवलं की प्रश्न मिटतो.

शिकवताना शेवटून सुरुवात केली तर अनेक मुलांना सोपं जातं. बारा पायऱ्या मोठ्यांच्या मदतीने होतात, टॉवेल जागेवर ठेवणं मुलाचं एकट्याचं. ते सलग काही दिवस जमलं की पुसणंही त्याचं. प्रत्येक वेळी काम पूर्ण होण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो, पहिल्याच पायरीवर अडकून राहत नाही. मदत करताना मागे उभं राहावं, हाताने हात धरावा, पुढे फक्त कोपराला स्पर्श, मग कार्डाकडे बोट, मग काहीच नाही. आणि तोंड बंद. ‘आता साबण घे’ असं रोज म्हटलं की मूल साबणाऐवजी त्या वाक्याची वाट पाहायला शिकतं, आणि शब्दांची मदत काढून घेणं सर्वांत अवघड जातं. कार्ड दाखवून पाच ते दहा सेकंद गप्प राहणं हे या सगळ्यातलं मोठ्यांसाठी सर्वांत कठीण काम. घरच्या नळाशी जमलेलं शाळेच्या नळाशी जमेलच असं नाही. फिरवायचा नळ आणि दाबायचा नळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कार्डांचा दुसरा संच तिथल्याच फोटोंचा करावा.

हे सगळं कितपत चालतं? २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पुराव्यांवर उतरलेल्या २८ पद्धतींची यादी आहे. चित्रांची मदत आणि सोशल स्टोरीसारखी कथनं दोन्ही त्यात आहेत. पण दोघांचं वजन सारखं धरू नये. सोशल स्टोरीवरच्या लहान अभ्यासांचे निष्कर्ष बरेच विस्कळीत आहेत. त्यातल्या त्यात छोट्या, एकाच वर्तनापुरत्या आणि प्रसंगाच्या अगदी आधी वाचलेल्या गोष्टी बऱ्या ठरल्या. ब्रिटनमध्ये ८७ शाळांतल्या २४९ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनंतर मुलांच्या एकंदर सामाजिक प्रतिसादात लक्षणीय फरक आढळला नाही. प्रत्येक मुलासाठी ठरवलेलं नेमकं उद्दिष्ट मात्र गोष्टी मिळालेल्या गटात जास्त वेळा साध्य झालं. म्हणजे ‘मित्र कसे जोडावेत’ या गोष्टीकडून फार अपेक्षा नको, ‘झोपाळ्यासाठी रांगेत कसं थांबायचं’ यासाठी ती जरूर लिहावी.

काही प्रश्न गोष्टीने सुटतच नाहीत. हात सुकवायच्या यंत्राचा आवाज मुलाच्या कानाला सहन होत नसेल, तर त्या आवाजाचं कौतुक करणारी वीस वाक्यंही तो आवाज कमी करणार नाहीत. कागदी रुमाल द्यावा, कान झाकणारे हेडफोन द्यावेत आणि मग उरलेल्यासाठी गोष्ट लिहावी. दात घासताना अचानक विरोध सुरू झाला तर आधी दाढ किडली आहे का ते पाहावं. ‘मी लोकांच्या डोळ्यांत पाहीन’, ‘मी हात फडफडवणार नाही’ अशा गोष्टी लिहू नयेत. फडफडीने कुणाचं बिघडत नाही. ती थांबवल्याने मुलाची स्वतःला सावरायची एक सोय मात्र जाते.

तक्ता पाठ झाला म्हणून भिंतीवरून उतरवण्याचीही घाई नसावी. शांत दिवशी मुलाला त्याची गरज पडत नाही, ताप आलेल्या किंवा पाहुण्यांनी घर भरलेल्या दिवशी पडते. वय वाढलं की फक्त रूप बदलावं: बारा वर्षांच्या मुलीला वेल्क्रोची पट्टी वर्गात लाजिरवाणी वाटेल, तीच यादी फोनवर किंवा दप्तराच्या आतल्या खिशातल्या चिठ्ठीवर चालेल. कोणत्या पायऱ्या ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या, हे एव्हाना तिला विचारूनच ठरवावं.