पाच, चार, तीन, दोन, एक, आता!

श्रीहरिकोटाहून रॉकेट सुटताना आपणही टीव्हीसमोर बसून 'दहा, नऊ, आठ' म्हणतो. रॉकेटला ही उलटी मोजणी जोडण्याचं श्रेय एका मूकपटाला दिलं जातं: दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा 'फ्राउ इम मोंड', म्हणजे 'चंद्रावरची बाई'. बर्लिन, ऑक्टोबर १९२९. एक, दोन, तीन असं मोजलं तर उड्डाण नेमकं कधी ते प्रेक्षकाला कळणार कसं? म्हणून लांगने आकडे उलटे फिरवले. आवाज नाहीच, पडद्यावर फक्त पाट्या येतात, आणि शेवटी 'आता!'. तरी आजही छाती धडधडते.

खरं सांगायचं तर पहिला तासभर हेरगिरीचा रटाळ मामला आहे. तो खुशाल पळवा. रॉकेट आलं की थांबा. ते उंच शेडमध्ये उभ्यानेच जोडलेलं असतं आणि तसंच रुळांवरून संथपणे उड्डाणतळाकडे सरकतं. श्रीहरिकोटाच्या दुसऱ्या उड्डाणतळावर आज असंच घडतं. हा योगायोग नव्हे. लांगचा सल्लागार होता हेरमान ओबेर्थ, ज्याने १९२३ साली अंतराळ-रॉकेटचं गणित पुस्तकरूपात मांडलं होतं. पृथ्वीची पकड सोडवायला सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर वेग लागतो. रिकाम्या टाक्यांचं ओझं वाहत बसलं तर तो गाठणं महाकठीण, म्हणून इंधन संपलं की रॉकेटचा तेवढा भाग, म्हणजे टप्पा, टाकून द्यायचा. चित्रपटातलं रॉकेट नेमकं हेच करतं. वेग वाढताना शरीर कित्येक पट जड होतं, म्हणून प्रवासी आडवे झोपतात. पुढे वजनच उरत नाही, तेव्हा पाय अडकवायला पट्टे असतात.

चुकाही आहेत. रॉकेट पाण्याच्या हौदातून सुटतं. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला तर चक्क हवा आहे, आणि मंडळी साध्या कपड्यांत हिंडतात! तिथे हवा असू शकेल ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या हान्सेन या खगोलशास्त्रज्ञाची. ती केव्हाच बाद झाली होती, पण हेल्मेटात नायिकेचा चेहरा कसा दिसणार?

पुढे नाझी सत्तेने हा चित्रपट पडद्यावरून काढून घेतला. त्यातलं तंत्र गुप्त शस्त्राच्या फार जवळचं होतं. ३ ऑक्टोबर १९४२ ला पेनेम्युंडे या जर्मन चाचणीतळावरून तेच शस्त्र, व्ही-२ रॉकेट, पहिल्यांदा यशस्वीपणे उडालं. त्याच्या बुडाशी एक चित्र रंगवलेलं होतं: चंद्रकोरीवर बसलेली बाई.