शाळा कॉन्फरन्समध्ये नाही, मग मूल स्टेटला खेळेल का? मिशिगनमधल्या पालकांसाठी पात्रता आणि कागदपत्रं

ऑगस्ट जवळ आला की डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी पालकांच्या गप्पांत हा प्रश्न निघतोच: "शाळा इंडिपेंडंट आहे, म्हणजे पोरांना स्टेटला जाता येणार नाही ना?" इंडिपेंडंट म्हणजे कुठल्याही कॉन्फरन्समध्ये नसलेली शाळा, आणि स्टेट म्हणजे राज्यस्पर्धा. तर, जाता येतं. ती धास्ती आधी मनातून काढा.

कॉन्फरन्स म्हणजे जवळपासच्या शाळांनी एकमेकींशी सामने खेळण्यासाठी बांधलेली मोट. राज्याच्या स्पर्धा भरवते ती मिशिगन हायस्कूल अ‍ॅथलेटिक असोसिएशन. तिथे शाळेच्या बोर्डाने दरवर्षी सदस्यत्वाचा ठराव करायचा असतो; तो १ ऑगस्ट ते ३१ जुलै चालतो आणि त्याला फी नाही. एवढं झालं की बास्केटबॉल, व्हॉलीबॉलसारख्या खेळांत शाळा थेट डिस्ट्रिक्ट स्पर्धेत, म्हणजे राज्यस्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात उतरते. फुटबॉलमध्ये (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) मात्र गुणांवर निवड होते, आणि गुण ठरतात आपण सामना जिंकला की हरला, समोरचा संघ किती मोठ्या शाळेचा आणि त्याने किती सामने जिंकले यावर. कॉन्फरन्स कुठली, हे कुणी विचारत नाही. शेजारच्या ओहायोत मॅसिलन वॉशिंग्टनचा संघ कॉन्फरन्सविना खेळतो आणि २०२३ मध्ये डिव्हिजन दोनचा (डिव्हिजन म्हणजे शाळेच्या आकारानुसार पाडलेला गट) राज्यविजेता झाला.

त्रास असतो तो वेळापत्रकाचा. फुटबॉलचे सामने नऊ. सप्टेंबरच्या मध्यापासून कॉन्फरन्सवाल्या शाळा आपापसात गुंतलेल्या, त्यामुळे अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे शाळेच्या क्रीडाप्रमुखाला, मोकळा शुक्रवार असलेली शाळा शोधून तिच्याशी सामन्याचा लेखी करार करावा लागतो. म्हणूनच दूरच्या गावी चार-चार तासांचा बसप्रवास घडतो, आणि तो माणूस वर्षभर फोनला चिकटलेला असतो. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

मुलांचे नियम सगळीकडे सारखेच. १ सप्टेंबरपूर्वी वयाची १९ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. आधीच्या सेमिस्टरमध्ये पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या किमान ६६ टक्के क्रेडिट मिळालेले हवेत. नववीपासून आठ सेमिस्टरच खेळता येतं.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं फिजिकल, म्हणजे खेळण्यासाठीची डॉक्टरांची शारीरिक तपासणी. ते १५ एप्रिल किंवा त्यानंतर झालेलं असेल तरच पुढच्या शालेय वर्षाला चालतं. मार्चमध्ये नेहमीची तपासणी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. सुट्टीत पुण्याला-नागपूरला जाणार असाल तर तिकिटाआधी डॉक्टरांची वेळ घ्या. परत येईपर्यंत सराव सुरू झालेला असतो आणि फॉर्मवर सही नसलेलं मूल कडेला उभं राहतं. सोबत पालकांचं संमतीपत्र, डोक्याच्या दुखापतीच्या माहितीपत्रावर पालक आणि मूल दोघांच्या सह्या, आणि वयासाठी जन्मदाखल्याची प्रत.

शाळा बदलणार असाल तर इथे थांबून वाचा. जुन्या शाळेकडून मागच्या हंगामात जो खेळ खेळला, तो नव्या शाळेत पुढच्या हंगामात खेळता येत नाही. याला काही ठरावीक अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे सगळं कुटुंब खरोखर नव्या शाळेच्या हद्दीत राहायला जाणं. त्यासाठी भाडेकरार, वीजबिल जवळ ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने घर न बदलता शाळा बदलली. सगळा हंगाम ती जर्सीविना बाकावर बसून मैत्रिणींना पाण्याच्या बाटल्या देत होती. नववीत पहिल्यांदा प्रवेश घेणाऱ्यांना ही अडचण नाही. बाकीच्यांनी प्रवेशाच्या कागदावर सही करण्याआधी नव्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला भेटावं, आणि उत्तर ईमेलवर घ्यावं.